रात्रपाळीत फोनवरून मिळालेला आदेश आणि परिचारिकेची कायदेशीर जबाबदारी

प्रश्न: अधिपरिचारिका, ग्रामीण रुग्णालय

मी विदर्भातील एका ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात गेली सहा वर्षे कंत्राटी अधिपरिचारिका म्हणून काम करते. रात्रपाळीला संपूर्ण रुग्णालयात मी एकटी परिचारिका आणि सोबत एक कक्षसेवक असतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या दोन पदांपैकी एक रिक्त आहे आणि दुसरे अधिकारी त्या रात्री मुख्यालयी नव्हते.

गेल्या पावसाळ्यात रात्री साधारण पावणेदहाला कपाशीच्या निंदणाहून परतताना साप चावलेली एक महिला आणली गेली. हिरड्यांतून रक्त येत होते. मी काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवले, ते गोठले नाही. फोनवर डॉक्टरांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी सर्पदंशाच्या लसीच्या दहा व्हायल सलाईनमधून एका तासात देण्यास सांगितले. मी तसे केसपेपरवर वेळेसह लिहिले आणि लस सुरू केली. पंधरा मिनिटांत तिच्या अंगावर गांधी उठल्या, धाप लागली आणि रक्तदाब उतरू लागला. मी लस थांबवली, डॉक्टरांना दोनदा फोन लावला, परंतु रेंजअभावी तो लागला नाही. तेव्हा ट्रेमध्ये आधीच काढून ठेवलेले अर्धा मिलिलिटर अ‍ॅड्रेनॅलिन मांडीत दिले आणि ऑक्सिजन लावला. दहा मिनिटांत ती सावरली. पुढे डॉक्टरांशी बोलणे झाले, त्यांनी लस हळू गतीने पुन्हा सुरू करण्यास सांगितले, आणि १०८ रुग्णवाहिका आल्यावर तिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले. तिसऱ्या दिवशी तिथे तिचा मृत्यू झाला.

नातेवाइकांनी तक्रार केली आहे. मला कारणे दाखवा नोटीस आली असून तीत विचारले आहे की, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या लेखी आदेशाशिवाय लस आणि अ‍ॅड्रेनॅलिन का दिले. केसपेपरवरील आदेशाच्या रकान्यात डॉक्टरांची सही आजही नाही, आणि आता ते म्हणतात की त्यांनी सांगितलेले व मी लिहिलेले यांत फरक आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी आग लागून दहा बालके दगावली, त्यानंतर परिचारिकांवर गुन्हा नोंदला गेला, हे आम्ही सर्वजणी विसरलेल्या नाही. म्हणून विचारते, अशा प्रसंगी कायद्याने माझी जबाबदारी नेमकी किती, आणि खुलाशात मी काय लिहावे?

उत्तर: निवृत्त परिसेविका, अमरावती

ताई, तुमची पोस्ट मी तीन वेळा वाचली. माझी तेहतीस वर्षांची नोकरी वॉर्डात गेली, त्यामुळे कायद्याचे वकील मंडळींनी सांगावे, मी केवळ नोंदींविषयी सांगते, कारण चौकशीच्या वेळी आपल्या बाजूने बोलणारे माणूस बहुधा कोणी नसते, कागद मात्र असतो.

फोनवरून आदेश घेण्याची पद्धत आपण शिकताना शिकतो आणि रात्री दोन वाजता विसरतो. डॉक्टर जे सांगतात ते औषधाचे नाव, मात्रा, मार्ग आणि गती यांसह त्यांना परत म्हणून दाखवायचे, त्यांनी होकार दिला की केसपेपरवर ‘फोनवरून आदेश’ असे लिहून डॉक्टरांचे नाव, वेळ आणि आपली सही करायची. शक्य असेल तर फोन स्पीकरवर ठेवून दुसऱ्या कर्मचाऱ्याला ऐकवायचे आणि त्याचीही सही घ्यायची, मग तो कक्षसेवक असला तरी चालेल. डॉक्टर सकाळी आले की राउंडच्या आधी त्या रकान्यावर सही घ्यायची. माझ्या वॉर्डात हा नियम मी कडकपणे पाळला, तरीही काही वेळा सही राहून गेली, आणि त्या राहिलेल्या सह्याच नंतर त्रासाच्या ठरल्या. सही मिळाली नाही तर आपण गप्प बसू नये. त्याच दिवशी ‘अमुक आदेशावर सही प्रलंबित आहे’ असे वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवून आवक क्रमांकाची पोच घ्यावी. तुम्ही हे तेव्हा केले नसेल, तर आता मागील तारीख टाकून करू नका.

एक गोष्ट मी हात जोडून सांगते. तुमच्या नोंदीत काही राहून गेले आहे असे आज वाटत असेल, तरी मूळ केसपेपरवर एक अक्षरही वाढवू नका. नोंद चुकली असेल तर त्याच वेळी तिच्यावर एकच रेघ मारून, खालचे अक्षर वाचता येईल असे ठेवून, बाजूला सही, तारीख आणि वेळ लिहायची असते. महिन्याभराने घातलेली ओळ शाईवरून, दाबावरून आणि इतर रजिस्टरशी ताडून लगेच ओळखू येते. त्यानंतर तुमच्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

इतर कागद तुमच्या बाजूने बोलतील. औषध भांडाराच्या रजिस्टरमध्ये त्या रात्री किती व्हायल निघाल्या याची नोंद असेल. आपत्कालीन ट्रेच्या रजिस्टरमध्ये अ‍ॅड्रेनॅलिनचे अँप्यूल खर्ची पडल्याची नोंद असेल. १०८ च्या डॉक्टरांना तुम्ही रुग्ण सोपवला तेव्हाच्या संदर्भ चिठ्ठीवर काय लिहिले, ते वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचलेले आहे आणि तुमच्या हातातून गेलेले असल्यामुळे त्याचे वजन अधिक आहे. तुमच्या मोबाइलवरील त्या रात्रीच्या कॉलची यादी आजच काढून ठेवा, न लागलेल्या दोन कॉलसह.

उत्तर: वकील, वर्धा जिल्हा

परिसेविकाताईंनी पुराव्याचा भाग माझ्यापेक्षा चांगला सांगितला आहे, तेव्हा मी थेट कायद्याकडे वळतो. येथे चार स्वतंत्र वाटा आहेत. त्या एकमेकींत मिसळल्या की माणूस घाबरतो, म्हणून त्या वेगळ्या करून पाहू.

पहिली वाट फौजदारी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०४-अ ची जागा कलम १०६(१) ने घेतली. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड, आणि तेच कृत्य नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाने वैद्यकीय प्रक्रिया करताना केले असल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड, असे ते कलम सांगते. या सवलतीसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखालील पात्रता आणि वैद्यक नोंदवहीत नाव असावे लागते. परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत असते, त्यामुळे शब्दशः वाचल्यास ही सवलत तिला मिळत नाही. एकाच खाटेपाशी, एकाच प्रक्रियेत, डॉक्टरांना दोन वर्षे आणि परिचारिकेला पाच वर्षे, ही तफावत मला अन्यायकारक वाटते आणि परिचारिका संघटनांनी ती ठामपणे मांडायला हवी. तरीही हा गुन्हा जामीनपात्र आहे, हे लक्षात ठेवावे.

निष्काळजीपणा म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या निकालात स्पष्ट केले. लुधियानाच्या एका रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णाला ऐनवेळी लावलेले ऑक्सिजन सिलिंडर रिकामे निघाले, असा तो आरोप होता. न्यायालयाने सांगितले की, निर्णयातील साधी चूक किंवा वाईट परिणाम म्हणजे फौजदारी निष्काळजीपणा नव्हे, तो ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो, आणि तपास अधिकाऱ्याने कारवाईपूर्वी त्या विषयातील, शक्यतो सरकारी सेवेतील, निष्पक्ष डॉक्टरांचे मत घ्यावे. निकालातील शब्द डॉक्टरांविषयी आहेत. मात्र त्यामागील कारण, म्हणजे भीतीपोटी उपचार करणारा हात थरथरू नये, हे परिचारिकेलाही तितकेच लागू पडते, आणि तुमच्या वकिलाने हाच आधार घ्यावा. एक परिचारिका त्या परिस्थितीत, त्या साधनांनिशी, वाजवी दक्षतेने जे करील ते तुम्ही केले का, एवढाच प्रश्न आहे. अ‍ॅड्रेनॅलिन आधीच काढून ठेवणे, लस थांबवणे आणि प्रतिक्रिया दिसताच मांडीत इंजेक्शन देणे, हे दक्षतेचेच पुरावे आहेत. न्याय संहितेच्या कलम २६ मध्ये रुग्णाच्या भल्यासाठी सद्भावपूर्वक केलेल्या कृतीला संरक्षण आहे. कायद्याच्या भाषेत ‘सद्भावपूर्वक’ म्हणजे केवळ चांगल्या मनाने नव्हे, तर योग्य काळजी आणि लक्ष देऊन.

मृत्यू झाल्यावर पोलीस बहुधा प्रथम मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल करतात. मर्ग म्हणजे तुमच्यावरील गुन्हा नव्हे. त्यात साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल, तर महिलेला तिच्या राहत्या घराव्यतिरिक्त कोठेही बोलावता येत नाही, आणि पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करण्याचे बंधन नाही. गुन्हा नोंदलाच, तर सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सामान्यतः अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस दिली जाते. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार थोड्या भगिनींना माहीत असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तुमच्या तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

दुसरी वाट नुकसानभरपाईची. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानुसार सर्वांना मोफत सेवा देणारे रुग्णालय ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. दिवाणी दावा मात्र होऊ शकतो, आणि तेव्हा पैसे भरण्याची जबाबदारी शासनावर येते. आपल्याच राज्यातील अच्युतराव खोडवा खटला येथे महत्त्वाचा आहे. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात नसबंदी शस्त्रक्रियेच्या वेळी एका महिलेच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. नेमका कोणत्या हातामुळे तो राहिला यावर शासनाला सुटका मिळाली नाही, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३६ हजार रुपयांच्या भरपाईचा खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम केला. त्या कुटुंबाला तेहतीस वर्षे लागली.

तिसरी वाट खात्याची आणि चौथी परिचर्या परिषदेची. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकार परिषदेला आहे, तो सहसा असल्या प्रकरणात वापरला जात नाही. नोंदणीचे पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण चालू आहे ना, एवढे आजच पाहून घ्या. तुमचा खरा धोका खात्याच्या वाटेवर आहे, कारण कंत्राट संपवणे सोपे असते. तरीही ठपका ठेवून काढायचे असेल तर बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते. म्हणून खुलाशापूर्वी केसपेपर, दोन्ही रजिस्टर, त्या महिन्याचे ड्युटी वेळापत्रक आणि डॉक्टरांची ऑन-कॉल यादी यांच्या प्रती लेखी मागा, आणि त्या मिळेपर्यंत मुदतवाढ मागा.

उत्तर: रुग्णाचा नातेवाईक, शेतकरी कुटुंब

सर्वांची उत्तरे वाचली आणि सिस्टरविषयी सहानुभूती वाटली, परंतु आमची बाजूही कोणीतरी मांडावी म्हणून लिहितो. माझ्या वडिलांना एका औषधाची अ‍ॅलर्जी आहे. केसपेपरच्या पहिल्या पानावर ते लाल शाईने लिहिलेले होते, आणि मी स्वतः सिस्टरांना तोंडी सांगितले होते. तरीही पाळी बदलल्यावर दुसऱ्या सिस्टरांनी पान न उलटता तेच इंजेक्शन दिले. वडील वाचले, पण दोन दिवस अतिदक्षता विभागात राहिले. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘डॉक्टरांनी लिहिले होते, आम्ही दिले.’ मला हे समजून घ्यायचे आहे की, डॉक्टरांनी लिहिले म्हणजे परिचारिकेची जबाबदारी संपते का? आणि आमच्यासारख्यांनी अशा वेळी काय करावे?

उत्तर: वकील, वर्धा जिल्हा

आपला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. परिचारिका ही केवळ आदेश पार पाडणारी व्यक्ती नाही. ती प्रशिक्षित व नोंदणीकृत व्यावसायिक आहे आणि स्वतःच्या हाताने केलेल्या कृतीबद्दल स्वतः उत्तरदायी आहे. आदेश उघडपणे धोकादायक असेल, मात्रा अशक्य वाटत असेल किंवा अ‍ॅलर्जीची नोंद समोर असेल, तर थांबून विचारणे हे तिचे कर्तव्य आहे, आणि न विचारता दिलेल्या इंजेक्शनची जबाबदारी डॉक्टर आणि ती अशी दोघांवरही येऊ शकते.

दिल्लीतील स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिला. विषमज्वरासाठी दाखल बालकाला डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल लिहिले होते. परिचारिकेने पालकांकडून वेगळेच, म्हणजे क्लोरोक्विनचे, इंजेक्शन आणवून शिरेतून दिले आणि बालकाच्या मेंदूला कायमची इजा झाली. ती परिचारिका पात्रताधारक नव्हती, आणि जे इंजेक्शन डॉक्टरांनी स्वतः द्यायचे ते त्यांनी तिच्यावर सोडले होते. बालकाला साडेबारा लाख आणि पालकांना पाच लाख रुपयांची भरपाई रुग्णालयाला द्यावी लागली. म्हणजे परिचारिका चुकली, डॉक्टर चुकले आणि त्यांना कामावर ठेवणारी संस्थाही चुकली. एकाची चूक दुसऱ्याची चूक पुसत नाही.

आपण प्रथम केसपेपरची प्रत लेखी मागा. वैद्यकीय आचारसंहितेनुसार ती ७२ तासांत मिळायला हवी. रुग्णालय पैसे घेणारे असेल तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रार रुग्णालयाविरुद्ध करा. प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव शोधण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या सविता गर्ग निकालात सांगितले आहे.

उत्तर: वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र

मी डॉक्टरांच्या बाजूने असलेली चूक मान्य करून लिहितो. फोनवर दिलेला आदेश हा माझा आदेश असतो आणि त्यावर सही करणे ही कृपा नसून कर्तव्य आहे. सही टाळणारा डॉक्टर स्वतःचाही बचाव गमावतो, कारण त्याने आदेश दिलाच नाही असे म्हटले तर सर्पदंशाच्या अत्यवस्थ रुग्णासाठी त्याने काय केले, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर सर्पदंशाच्या राष्ट्रीय उपचार मार्गदर्शिकेत विषबाधेची लक्षणे असलेल्या रुग्णाला सुरुवातीला आठ ते दहा व्हायल देण्यास सांगितले आहे, म्हणून आपण लिहिलेली मात्रा त्या चौकटीतच बसते. लसीची प्रतिक्रिया आल्यास ती थांबवून ०.५ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन स्नायूत द्यायचे असते. त्या क्षणी रेंजची वाट पाहत बसणे हाच निष्काळजीपणा ठरला असता, आणि हे वाक्य मी चौकशी समितीपुढेही बोलायला तयार आहे. मृत्यूचे कारण अ‍ॅड्रेनॅलिन होते की विषाने निकामी झालेली मूत्रपिंडे, याचे उत्तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या कागदांत आणि शवविच्छेदन अहवालात आहे. ते मागवल्याशिवाय कोणी निष्कर्ष काढू नये.

आपल्या अधीक्षकांकडे एक मागणी जरूर करा. सर्पदंश, फवारणीची विषबाधा, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आणि झटके या चार प्रसंगी डॉक्टर येईपर्यंत परिचारिकेने काय द्यायचे, याचे स्थायी आदेश डॉक्टरांच्या सहीने लिहून वॉर्डात लावले पाहिजेत. उपकेंद्रातील आरोग्य सेविकेला प्रसूतीनंतर ऑक्सिटोसिन देण्याची आणि गरोदरपणातील झटक्यांच्या रुग्णाला पुढे पाठवण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देण्याची परवानगी शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनी दिलेलीच आहे. मग ग्रामीण रुग्णालयातील अधिपरिचारिकेचे हात रिकामे का असावेत? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेचे रुग्ण रांगेने येत होते, तेव्हा अ‍ॅट्रोपिनच्या प्रत्येक मात्रेसाठी डॉक्टर जवळ असणे शक्य नव्हते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

प्रश्नकर्तीचे पुन्हा लिहिणे

आपण सर्वांनी वेळ दिला, त्याबद्दल मनापासून आभार. नातेवाईक भाऊंनी लिहिले तेही मला लागले, कारण पाळी बदलताना पान न उलटण्याची चूक आमच्याकडूनही होते, आणि तिचे समर्थन मी करणार नाही.

प्रती मागण्याचा अर्ज काल दिला आणि पोच घेतली. कॉलची यादी काढली. तीत रात्री १० वाजून ४१ आणि ४२ मिनिटांचे दोन न लागलेले कॉल दिसत आहेत. अ‍ॅड्रेनॅलिनची माझी नोंद १० वाजून ४३ मिनिटांची आहे. कक्षसेवक दादांनी त्या रात्री फोनवरील बोलणे ऐकले होते, आणि मी न मागता त्यांनी तसे लेखी देण्याची तयारी दाखवली.

खुलाशाच्या मसुद्यात कोणावरही आरोप न करता मी घटनाक्रम वेळेसह लिहिला आहे. लेखी आदेश का नव्हता, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्या रात्री रुग्णालयात लेखी आदेश देऊ शकणारी व्यक्ती उपस्थित नव्हती असे लिहून ड्युटी वेळापत्रकाची प्रत जोडणार आहे. सही घेण्याचा पाठपुरावा मी लेखी केला नाही, हेही त्यात मान्य केले आहे. वकीलसाहेब, हे शेवटचे वाक्य ठेवावे की काढावे, एवढे कृपया सांगा, कारण माझी मुदत सोमवारी संपते.

उत्तर: वकील, वर्धा जिल्हा

ठेवा. ते खरे आहे, आणि त्याच्या आधीच्या वाक्यांवर विश्वास बसण्यासाठी ते उपयोगी पडेल. फक्त ‘माझी चूक झाली’ असे न लिहिता ‘सहीसाठी तोंडी विनंती केली, लेखी पाठपुरावा केला नाही’ असे जसे घडले तसे लिहा, आणि तोंडी विनंती कोणत्या दिवशी कोणासमोर केली तेही नोंदवा. शवविच्छेदन अहवाल मागवावा, अशी विनंती खुलाशाच्या शेवटी स्वतंत्र परिच्छेदात करा. सोमवारी दुपारपूर्वी आवक शाखेत देऊन शिक्क्याची प्रत घ्या.